मैदानावर न जाणारा बाप

माझे वडील शाळेच्या कुंपणाशी येऊन उभे राहिले की माझा खेळ संपायचा.

शाहूवाडीच्या डोंगराकडंला आमचं गाव. चार खोल्यांची शाळा, पुढं लाल मातीचं मैदान आणि त्याला निवडुंगाचं कुंपण. शाळा सुटली की आम्ही पोरं अर्धा-पाऊण तास आट्यापाट्या खेळायचो. दिवसातला तेवढाच वेळ माझा होता. पहाटे उठलं की काम, घरी गेलं की काम. मधली शाळा मास्तरांची. हा पाऊण तास मात्र कुणाच्या बापाचा नव्हता, असं मला वाटायचं. आणि नेमका बापच यायचा.

ते ओरडायचे नाहीत. कुंपणाशी उभे राहून नुसता हात वर करायचे. भाताची झोडणी चालू असायची, नाहीतर गवत आणायचं असायचं, नाहीतर रेडकू कुठंतरी चुकलेलं असायचं. मी दप्तर उचलून निघायचो. पोरं मागनं म्हणायची, "आला बघ न्यायला." एकदा शेजारच्या गावच्या पोरांशी आमची चुरस लागली होती. शेवटचा डाव, आमच्या बाजूला मी एकटाच राहिलेला, आणि कुंपणावर हात वर झाला. मी गेलो. तसाच गेलो. त्या दिवशी भाताच्या पेंढ्या वाहताना मी रडत होतो आणि वडील म्हणत होते, "डोळ्यात कूस गेलं काय रं?" मी व्हय म्हटलं.

वडील वाईट नव्हते, हे सांगायलाच पाहिजे. त्यांना माणसं कमी पडायची आणि मी हाताशी होतो. त्यांच्याही लहानपणी त्यांना कुणीतरी असंच उचलून नेलं असणार. पण माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. पोरं खेळत असतात तिथं आईबापानं जाऊ नये. बाप मैदानावर आला की पोराचं काहीतरी जातं. हे मी कधी कुणाला बोलून दाखवलं नाही, स्वतःलासुद्धा नाही. बसलं ते आत बसलं.

पुढं मी कोल्हापुरात आलो, मोटारी भरायचं काम शिकलो आणि राजारामपुरीत एका गल्लीत दुकान टाकलं. मोटारी भरायच्या म्हणजे विहिरीवरच्या पंपाची मोटार जळली की आतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची. दिवसभर वार्निशचा वास आणि गिऱ्हाइकांशी भांडणं. माझा आवाज मोठा आणि डोकं गरम. "मोटार कोरडी चालवता आणि वर मलाच विचारता व्हय?" हे मी दिवसातनं तीनदा म्हणत असेन. तरी लोक यायचे, कारण काम चोख होतं.

घर कळंब्याच्या बाजूला बांधलं. बायको गडहिंग्लजकडची, आईला अव्वा म्हणणारी, किराणा दुकानदाराच्या घरातली. तिच्या माहेरी पोरीबाळी देवळात निघाल्या तरी संगतीला भाऊ लागायचा. त्यामुळं आमची एकुलती एक लेक सातवीत खो-खो खेळायला लागली तेव्हा घरात पहिलं भांडण झालं ते अर्ध्या चड्डीवरनं. बायको म्हणाली, फुल पँट घालून खेळायचं असेल तर खेळ. लेक म्हणाली, फुल पँट घालून खांबाशी वळता येत नाही. आठवडाभर दोघी बोलेनात. शेवटी बायकोनंच मशीन काढलं आणि गुडघ्यापर्यंत येणारी चड्डी शिवून दिली. बरी शिवली होती. पण ती स्वतः कधी सामना बघायला गेली नाही. "मैदानावर बायका कुठं जातात?" असं म्हणायची, आणि मला म्हणायची, "तुम्ही जावा की एकदा. पोर एकटीच असती तिथं."

मी म्हणायचो, "दुकान कोण बघणार?"

खोटं होतं ते. शाळेचं मैदान माझ्या दुकानापासनं चालत दहा मिनिटांवर. पाच वाजता मी चहा प्यायला उठायचोच. चहाच्या टपरीवर अर्धा तास गप्पा मारायला मला वेळ होता. पण मैदानाकडं पाय वळायचे नाहीत. मनात म्हणायचो, खेळू दे तिला मोकळ्यानं, आपण कशाला जाऊन तिच्या उरावर उभं राहायचं? मला खरंच वाटायचं की मी तिच्यासाठी फार मोठी गोष्ट करतोय. माझ्या बापानं मला जे दिलं नाही ते मी तिला देतोय. आज हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते.

आणि असंही नव्हतं की मला तिच्या खेळाचं कौतुक नव्हतं. आमच्या घरामागं मोकळी जागा होती. तिथं मी रविवारचा एक अख्खा दिवस खपून बाभळीचे दोन खांब तासून रोवले, बरोबर माप टाकून. दोन खांबांच्या मध्ये बसलेल्या पोरींमधनं नागमोडी पळायचं, त्याला साखळी म्हणतात. तिचा जीव त्या साखळीत होता. संध्याकाळी येऊन ती एकटीच तिथं पळत बसायची. आणि मी काय करायचो? मागचं दार लावून घ्यायचो. खिडकीसुद्धा. का, तर तिला बघितल्यासारखं वाटू नये. बायको म्हणायची, "अहो, वारं येऊ दे की." मी म्हणायचो, "डास येतात."

सुरुवातीला लेक जेवताना सांगायची. आज असं झालं, बाईंनी असं सांगितलं, मी इतकी मिनिटं बाद झाले नाही. मी मान खाली घालून ऐकायचो, बरं म्हणायचो. जास्ती काही विचारायचो नाही. विचारलं की ढवळाढवळ होईल असं वाटायचं. मग ती आईला सांगायला लागली. मग आईलाही कमी. नववीत आली तोपर्यंत ती प्रमाणपत्रं आणून कपाटात ठेवायची आणि आम्हाला कपाट आवरताना कळायचं.

त्याच वर्षी एक शेतकरी मोटार घेऊन दुकानात आला. ओळखीचा नव्हता. मोटार खाली ठेवली, माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाला, "पावणं, परवा सामन्याला ती उंच पोरगी होती, ती तुमची काय हो? दुकानाच्या पाटीवर आडनाव बघितलं म्हणून इचारतो."

मी म्हटलं, "व्हय, माझीच."

"माझी भाची त्या दुसऱ्या शाळेकडनं खेळती. तुमच्या पोरीनं सगळ्यांस्नी दमवलं की. चार मिनिटं कुणाच्या हाताला लागली न्हाय. लई भारी पळती. तुम्ही दिसला न्हाईसा ते?"

"दुकान असतंय की," मी म्हटलं.

"एकदा बघा," म्हणाला. "असली पोरगी असती तर मी म्हैस इकून बघायला गेलो असतो."

तो हसला, मीही हसलो. पण तो गेल्यावर मला हातातलं काम सुधरेना. कुठल्या कुठला माणूस, त्याला माझी पोर कशी पळते ते माहीत आणि मला नाही. दोन वेळा तार तुटली. दुकानातल्या मदतनिसावर उगाचच खेकसलो. आणि त्यानंतर चार दिवसांनी तिच्या खेळाच्या बाई स्वतः दुकानात आल्या. म्हणाल्या, शुक्रवारी शेवटचा सामना आहे. जिल्ह्याचा मुलींचा संघ त्यातनं निवडणार आहेत, निवडणारी माणसं येऊन बसणार आहेत. तुमची मुलगी नक्की जाणार. पुढच्या वर्षी दहावी, म्हणजे तिला हीच संधी. तुम्ही एकदा तरी या हो. सगळ्यांच्या घरचं कुणी ना कुणी येतं.

मी येतो म्हटलं. बायकोला सांगितलं, लेकीला सांगितलं नाही. म्हटलं, आधी सांगितलं तर तिच्या मनावर दडपण येईल.

आता मध्ये एक गोष्ट सांगायला पाहिजे. माझे वडील तेव्हा गावी अंथरुणाला खिळले होते. दिवाळीपासनं आजारीच होते. लेकीचा आजोबांवर फार जीव. माझ्याशी दोन शब्द न बोलणारा माणूस नातीला मांडीवर घेऊन तासतासभर बोलत बसायचा. सुट्टीत ती गावाकडंच असायची. त्या महिन्यात रोज सकाळी मी कोपऱ्यावरच्या फोनच्या बूथवरनं गावी फोन लावायचो आणि घरी आलो की ती दारात उभी असायची. "आबा कसे आहेत?" मी म्हणायचो, "आहेत तसेच." शुक्रवारी सकाळीही हेच बोलणं झालं होतं.

शुक्रवारी साडेचारला मी दुकान मदतनिसावर टाकून निघालो. हातपाय धुतले नाहीत, शर्ट बदलला नाही. वार्निशनं बरबटलेल्या हातानं स्कूटर काढली. मैदानावर पोचलो तेव्हा शेवटचा डाव चालू झाला होता. एका बाजूला मांडव टाकला होता, त्यात खुर्च्या होत्या, आईबाप बसले होते, बायकाही होत्या की चांगल्या पाच-पन्नास. बाईंनी मला लांबनं बघितलं आणि खुर्चीकडं बोट दाखवलं. मी मान हलवली आणि गेटाजवळ तारेच्या कुंपणाला धरून उभा राहिलो.

का उभा राहिलो तिथं? खुर्ची रिकामी होती. कुणी अडवलं नव्हतं. मला आजही सांगता येत नाही. बाप मैदानावर आला की कुंपणाशी उभा राहतो, मला दुसरं काही माहीतच नव्हतं.

आणि मी तिला पळताना पहिल्यांदा बघितलं. काय सांगू. घरात पाय ओढत चालणारी, दहा हाका मारल्यावर ओ देणारी माझी पोर, ती ही? समोरची पोरगी अंगावर यायची आणि ही हातभर अंतरावरनं निसटून पलीकडं. घाई नाही, भीती नाही. मागनं खो मिळून दुसरी उठली की हिला ते आधीच कळलेलं असायचं. माझ्या शेजारी उभा असलेला कुणीतरी मिनिटं मोजत होता. दीड मिनिट उरलंय म्हणाला. ही तेवढं टिकली की शाळा जिंकली. मला ओरडून सांगावंसं वाटलं, ही माझी आहे. पण ओरडवेना. मी हात वर केला.

शाबास म्हणायला केला होता. दुसरं काही नव्हतं माझ्या मनात.

ती खांबाला वळसा घालून माझ्या बाजूला वळली आणि तिची नजर माझ्यावर पडली. एक पाऊल टाकलं आणि ती थांबली. मैदानाच्या मधोमध, दोन्ही हात खाली सोडून उभी राहिली. मागनं आलेल्या पोरीनं तिच्या पाठीवर थाप मारली, शिट्टी वाजली, एका बाजूचा गलका झाला. ती तिकडं वळलीसुद्धा नाही. आपल्या पोरींकडं गेली नाही, बाईंकडं गेली नाही. कडेला ठेवलेल्या चपला हातात घेतल्या आणि धापा टाकत सरळ कुंपणाकडं आली.

"आबा गेले?"

मला आधी कळलंच नाही. आणि कळलं तेव्हा मला जे सुचायला पाहिजे होतं ते सुचलं नाही. मी शरमेनं पेटलो आणि ओरडलो. माझा आवाज, तो काय सांगायचा. "अगं, पळायचं सोडून उभी का राहिलीस? येड लागलंय काय तुला?"

मांडवातली सगळी माणसं वळून बघायला लागली. तिनं परत विचारलं, हळू आवाजात, "आबा?"

"बरं हाय त्यांचं. मी बघायला आलतो."

"काय बघायला?"

"तुला. खेळ बघायला."

ती माझ्याकडं बघत राहिली. रडली नाही. चपला खाली ठेवल्या, पायात घातल्या आणि मान खाली घालून परत गेली. उरलेल्या वेळात दुसऱ्या पोरी पळाल्या आणि बाद झाल्या. सामना गेला. संघाची यादी वाचली त्यात तिचं नाव नव्हतं. बाई त्या माणसांशी बराच वेळ भांडल्या. निवडणाऱ्यांतला एक म्हणाला, भर डावात मध्येच उभी राहणारी मुलगी आम्ही कशाच्या जोरावर घ्यायची? त्याचं तरी काय चुकलं? मी त्याच्या जागी असतो तर हेच म्हटलं असतं, आणि जरा मोठ्यानं.

मला पुढं होऊन सांगता आलं असतं. म्हणता आलं असतं की साहेब, घरात आजारपण आहे, पोरीचा गैरसमज झाला, चूक माझी आहे. गिऱ्हाइकाच्या अंगावर धावून जाणारा मी, त्या दिवशी मला कुंपणाच्या आत पाऊल टाकायची हिंमत झाली नाही. ही दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी. पहिली नकळत झाली होती.

घरी येताना ती स्कूटरवर मागं बसली होती. कळंब्याच्या रस्त्याला लागल्यावर मी म्हटलं, "मी कुंपणाशी दिसलो म्हणून लगेच आबा गेले असं कसं वाटलं तुला?"

ती म्हणाली, "मग दुसऱ्या कशासाठी आला असता तुम्ही?"

चिडून नाही म्हणाली. खरंच विचारत होती. तीन वर्षांत मी एकदाही आलो नव्हतो. आलो तर काहीतरी वाईट घडलेलं असणार, याशिवाय तिला काय सुचणार? बाप खेळ बघायला आला असेल, हे तिच्या डोक्यात यावं असं मी काय केलं होतं?

बायकोला सगळं सांगितलं तेव्हा ती स्वयंपाकघरात जाऊन पीठ मळत बसली. मळून झालं तरी मळतच होती. मग म्हणाली, "मी तरी जायला पाहिजे होतं. एवढ्या बायका होत्या म्हणता." तिचंही तिच्या माहेराचं काहीतरी होतंच की. आम्ही दोघांनी आपापल्या घरनं जे आणलं, ते पोरीच्या वाट्याला घातलं.

दहावीत तिनं खो-खो सोडला. कुणी सोडायला लावला नाही. राजारामपुरीत सगळी पोरं क्लासला जात होती, तीही जायला लागली. बाई दोनदा घरी आल्या. ती त्यांच्याशी नीट बोलली, चहा दिला आणि अभ्यास आहे म्हणाली. मागच्या खांबांवर बायको दोरी बांधून कपडे वाळत घालायला लागली. माझे वडील त्यानंतर चार वर्षं जगले. उठून चालायला लागले, रानात जायला लागले. देवाची चेष्टासुद्धा बघा कशी असते.

लेक शिकली, पुण्यात नोकरीला लागली. दिवस कुणासाठी थांबत नाहीत. मधल्या काळात तो शुक्रवार आम्ही बोलण्यात कधी काढला नाही. पण मला तो दिसायचा. रस्त्यात संध्याकाळी गणवेशातल्या पोरी घोळक्यानं जाताना दिसल्या तरी दिसायचा.

दोन हजार सहा की सातच्या आसपास, ती सुट्टीला आली होती. आम्ही दोघं कळंबा तलावाच्या बांधावर फिरायला गेलो. सकाळची वेळ होती, पाण्यावर थोडं धुकं होतं. वडील जाऊन तोवर काही वर्षं झाली होती. चालता चालता मी बोलायला लागलो, कसा कुणास ठाऊक. सगळं सांगितलं. निवडुंगाचं कुंपण, हात वर करणं, झोडणी, अर्धवट सोडलेला तो डाव, भाताच्या पेंढ्या वाहताना रडलेलो ते. म्हटलं, म्हणून मी तुझ्या मैदानावर येत नव्हतो गं. तुला मोकळं खेळता यावं म्हणून. मला वाटायचं, मी तुला जपतोय.

मला काय पाहिजे होतं ते आता कबूल करतो. मला वाटत होतं, हे ऐकून ती म्हणेल, जाऊ दे पप्पा. तिनं माझ्या हातावर हात ठेवावा, एवढंच मला पाहिजे होतं.

ती बांधावर थांबली. पाण्याकडं बघत म्हणाली, "पहिली दोन वर्षं मी प्रत्येक सामन्याला आधी खुर्च्यांकडं बघायची. सगळ्यांचे कोण कोण आलेत ते. डाव संपला की परत बघायची, उशिरा आला असाल म्हणून. मग सोडून दिलं. बघितलं की पळताना लक्ष उडायचं."



मग ती म्हणाली, "तुम्हाला आबांचा राग होता ना, ते यायचे म्हणून?"

"होता," मी म्हटलं. "आयुष्यभर होता."

तिनं माझ्याकडं बघितलं. त्या दिवशी कुंपणापलीकडनं बघितलं होतं तसंच, राग नाही, काही नाही.

"येत तरी होते, पप्पा," ती म्हणाली.